मदत हवी आहे: डेडलिफ्टला रॉड फार खाली राहतो, कंबर गोल होते

नमस्कार मंडळी,
वय ४४, राहणार मुलुंड, नोकरी फोर्टात, दिवसभर खुर्चीवर. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिच्या डॉक्टरांनी मलाच ऐकवलं की आत्तापासून वजन उचलायला लागा. म्हणून जिम लावली. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन उठाबशा) बऱ्यापैकी जमतो. घोडं अडलंय ते डेडलिफ्टपाशी, म्हणजे जमिनीवरचा रॉड धरून ताठ उभं राहण्यापाशी.

आमच्या जिममध्ये मोठ्या रबरी प्लेट्स नाहीत, जुन्या लोखंडी आहेत. दोन्ही बाजूंना १०-१० किलोच्या लावल्या की रॉड घोट्याच्या जेमतेम वर येतो. तिथपर्यंत हात नेताना माझी कंबर गोल होतेच. लेकीने बाजूने व्हिडिओ काढला, त्यात स्वच्छ दिसतंय. ट्रेनर "मॅडम, बॅक सरळ" म्हणतो आणि पुढच्या मेंबरकडे वळतो. उचलताना दुखत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या फास्टमध्ये उभी राहिले की घाटकोपर येईस्तोवर कंबर धरते.

सोमवार, बुधवार, शनिवार जाते. डेडलिफ्ट कुठल्या दिवशी टाकू? कमरेचा पट्टा घ्यावा का? आणि या दमट हवेत हात घामेजतात, रॉड सटकतो. एक मुलगा टाल्कम पावडर लावायला देतो, ती चालेल?

— मुलुंडची_मावशी

परळकर_जुना:
ताई, दोष कंबरेचा कमी आणि प्लेटांचा जास्त आहे. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिमी असतो, म्हणून तिथे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. जमिनीवरूनच उचलायचा म्हणतात तो या उंचीवरून. तुमच्या छोट्या प्लेटांवर तो कितीतरी खाली जातो, तिथे भल्याभल्यांची पाठ वाकेल. दोन्ही बाजूंना जाड रबरी मॅट किंवा आडव्या ठेवलेल्या प्लेटा रचा आणि रॉड नडगीच्या मध्यापर्यंत आणा. तरीही पाठ गोल झाली तर आणखी चढवा, गुडघ्याच्या जरा खाली आला तरी चालेल. फक्त रचलेलं डगमगता कामा नये. एरोबिक्सचा स्टेपर अजिबात नको.

आता उभं राहणं. रॉड बुटाच्या नाडीच्या गाठीवर. आधी कमरेतून वाका, हात सरळ सोडून रॉड धरा, मग नडगी रॉडला टेकेल एवढेच गुडघे पुढे. इथे बहुतेक जण स्क्वॉटसारखं खाली बसतात, तसं करू नका. नितंब स्क्वॉटपेक्षा वरच राहतात. काखेत वर्तमानपत्र धरल्यासारखे दंड अंगाशी आवळा, पोटात श्वास भरून पोट घट्ट करा. रॉड लगेच झटकायचा नाही. आधी थोडा ताण द्या, प्लेटा हलक्या झाल्यासारख्या वाटल्या की पायांनी जमीन खाली दाबा. रॉड पायाला घासतच वर यायला हवा. वर पोचल्यावर मागे झुकायचं नाही, नुसतं ताठ उभं राहायचं. उतरवताना आधी नितंब मागे, रॉड गुडघ्याखाली गेला की मगच गुडघे वाकवा. प्रत्येक रेपला, म्हणजे एकेका उचलीला, रॉड पूर्ण टेकवा, नव्याने श्वास घ्या. आपटून उसळी घेतलेली रेप मी मोजत नाही.

सह्याद्री७:
या वयात हे कशाला? सूर्यनमस्कार घाला की.

मुलुंडची_मावशी:
@सह्याद्री७, तेही घालते. गहू आणायला पिशवी उचलावी लागते, तिथे सूर्यनमस्कार कामी येत नाहीत.

फिजिओ_मी:
दोन्ही बाजूंना सारखी, बोथट, दोन-तीन दिवसांत जाणारी कळ बहुधा स्नायूंची असते. पण दुखणं पायात उतरलं, मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला तर उचलणं थांबवून दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, वाट बघू नका.

आईची पार्श्वभूमी पाहता हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. हाडं विरळ असतील तर वजनासकट पाठ गोल होणं मणक्याला धोक्याचं. बीपी असेल तर तेही सांगा, कारण श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब बराच वाढतो.

पट्ट्याची घाई नको. पोट आवळायला शिकल्यावर, वजन वाढल्यावर पाहू.

परळकर_जुना:
पट्ट्याबद्दल सहमत नाही, माझ्या अनुभवात पट्टा असला की पोट कशावर दाबायचं ते लवकर कळतं. पण ताईंच्या वजनाला गरज नाही, हे खरं.

दिवसांचं असं करा. सोमवारी स्क्वॉट, बुधवारी डेडलिफ्ट, तोही वॉर्मअपनंतर पहिलाच. पाच-पाच रेपचे दोन-तीन सेट पुरे. शेवटच्या रेपनंतर आणखी दोन निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. शनिवारी हलका रोमानियन डेडलिफ्ट. हे नाव रोमेनियाच्या निकू व्लादमुळे पडलं, १९८४ चा ऑलिंपिक विजेता वेटलिफ्टर. यात रॉड जमिनीला टेकत नाही, पाठ सरळ राहील तिथपर्यंतच उतरवायचा. नितंब मागे न्यायची सवय यानेच लागते.

टाल्कम हाताला नको, त्याने पकड उलट निसटते. स्पर्धेतले लोक ते मांड्यांना लावतात, रॉड सरकावा म्हणून. हाताला लावायचा चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. जिमवाला सांडासांडीवरून कुरकुरला तर पातळ चॉक मिळतो, तो घ्या. आणि रॉडचं वजन काट्यावर करून घ्या. मोठा रॉड २० किलोचा असतो, जुने बारीक रॉड बरेच हलके निघतात. आपल्याकडे सगळे फक्त प्लेटाच मोजतात.

मुलुंडची_मावशी:
रॉड १२ किलोचा निघाला! मॅट रचून केलं, नवीन व्हिडिओत पाठ सरळ दिसते. पण आमच्याकडे सगळ्यात छोटी प्लेट अडीचची, म्हणजे एकदम पाच किलो वाढतात. सव्वाच्या कुठे मिळतील?

परळकर_जुना:
ऑफिस सुटल्यावर धोबी तलावला जा, फोर्टातून चालत जाता येईल. खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. जाताना रॉडच्या टोकाची जाडी मोजून न्या, नाहीतर प्लेटचं भोक जुळायचं नाही.