शब्द हवाय : ‘वांशिक’, आणि मेट्रनला काय म्हणायचं?

शहापूरची लेक
१२ मेला नर्सिंग डे. आमच्या नर्सिंग शाळेच्या स्मरणिकेसाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करायचं माझ्याकडं आलंय. लेख अमेरिकेतल्या दवाखान्यांचा. तिथं वरच्या खुर्च्यांवर बहुतेक गोरे पुरुष, काळी माणसं आणि बायका मोजक्या, असा विषय. पहिल्या ओळीचं मी ‘आरोग्यसेवेच्या नेतृत्वातील वांशिक व लैंगिक वैविध्यता’ असं केलं आणि आईला वाचून दाखवलं. आई मेट्रन, म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्या नर्सची प्रमुख, म्हणून रिटायर झालेली. शेंगा फोडत बसली होती. हात थांबवून म्हणाली, ‘‘वांशिक म्हणजे? दवाखाना चालवायला वंशाचा दिवा लागतोय होय? आणि लैंगिक काय छापतीस, पोरी वाचणार हाईत.’’ दोन्ही शब्द तिथंच पडले. सुचवा. नेतृत्वालाही दुसरा शब्द असेल तर सांगा, आमच्याकडं नेतृत्व म्हटलं की मोर्चाच डोळ्यासमोर येतो.

निपाणीकर
आधी एक दुरुस्ती. ‘वैविध्यता’ हा शब्द नाही. विविधता म्हणा नाहीतर वैविध्य म्हणा, भावार्थाचे दोन प्रत्यय एकावर एक चढत नाहीत. बेळगावात हा कन्नडमधून आला असं माझं पक्कं मत आहे, तिथं ‘वैविध्यते’ सर्रास चालतं. आता मुद्दा. ‘वंश’ रूढ आहे. वंशभेद, वंशवाद, वंशसंहार हे सगळं आपण वाचतोच. घरात एखाद्याला वेगळा अर्थ लागला म्हणून रूढ शब्द टाकू नये.

बेटाची सावली
निपाणीकर सर, ‘एखाद्याला’ नाही, सगळ्यांनाच तो अर्थ लागतो. वंश म्हणजे मुळात बांबू. आमच्या खानापूरकडं बांबूची बेटं बघितलीत तर कळेल, एका मुळातून कोंब फुटत जातात, तसं कूळ. पुढं घराघरात त्याचा अर्थ ‘मुलगा’ एवढाच उरला. माझ्या मोठ्या बहिणीला तिसरी मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीबाहेर हाच शब्द मी तीनदा ऐकला. बायकांना वर जागा मिळावी असं सांगणाऱ्या वाक्याच्या तोंडीच तो शब्द मला सहन होणार नाही. ताई, ‘वर्ण’ बघा. आफ्रिकेच्या बातम्यांत ‘वर्णद्वेष’ वाचतच आपण मोठे झालो.

टिळकवाडी
वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य येतं. वाचणाऱ्या मुलीला वाटेल लेख आपल्या जातींबद्दल आहे. तो विषयही लिहायलाच हवा, खरं या लेखात नको, अमेरिकेची गोष्ट अमेरिकेतच राहू दे. तिथं काळे लोक लोकसंख्येच्या १३ टक्क्यांच्या आसपास आणि डॉक्टरांत ५-६ टक्के. मेरी महोनी ही तिथली पहिली प्रशिक्षित काळी नर्स, १८७९ साली पास झाली. तिच्या तुकडीत ४२ जणी होत्या, शेवटपर्यंत टिकल्या ४. हे सगळं लिहायला ‘काळ्या-गोऱ्यांचा भेद’ एवढं पुरतं. संस्कृत कशाला?

निपाणीकर
बोलायला पुरतं, छापायला नाही. ‘काळ्या’ कुणाला बोचेल. ‘कृष्णवर्णीय’ लिहा.

टिळकवाडी
म्हणजे परत वर्णच आला की हो, सर.

शहापूरची लेक
लेखात महोनी आहे, आणि शेजारी मी आपलीही एक गोष्ट घालणार आहे. फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजातला १८८५ चा फोटो. आनंदीबाई जोशी नऊवारीत, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली आपापल्या देशाच्या वेषात. तीन देश एका चौकटीत. आनंदीबाईंची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून. १८८६ मध्ये! बेळगावातून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं त्या गावी. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या, त्या खुर्चीवर बसणं राहूनच गेलं. हा परिच्छेद लिहिताना मी दोनदा उठले.

त्यांच्या पदाचं मराठी करताना नवा पेच पडला. आईला विचारलं, तुझ्या पदाला मराठीत काय? ती म्हणाली, ‘‘मी मेट्रन होतो. मेट्रनच लिही.’’

चंदगडची सिस्टर
मी महाराष्ट्राच्या हद्दीत नोकरी करते, आमच्याकडं सरकारी शब्द आहेत. स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, सगळ्यांच्या वर अधिसेविका, हीच मेट्रन. ताई, अधिसेविका लिहा.

बेटाची सावली
हा शब्द नीट बघा. सगळ्यात वरची खुर्ची, तरी आत ‘सेविका’ आहेच. आणि डॉक्टरसाहेबांसाठी ‘अधीक्षक’, म्हणजे वरून बघणारा. एक बघणार, दुसरी सेवा करणार. पद चढलं तरी शब्दानं तिला खालीच ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की आरोग्याच्या कामात ७० टक्के बायका आणि वरच्या पदांवर २५ टक्के. तीच गोष्ट या दोन शब्दांत आहे.

चंदगडची सिस्टर
सेवा म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही. तीस वर्षं तीच केली. मला राग येतो तो सहीचा. सगळा वॉर्ड माझ्या भरवशावर, आणि स्पिरिटच्या तीन बाटल्यांच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, कालच रुजू झालेल्या डॉक्टर मुलाची सही लागायची. त्याला बाटल्या कुठल्या कपाटात असतात ते मी दाखवायची. शब्द बदलून ती सही माझ्याकडं येणार असेल तर आजच बदला. आणि शेजारी कर्नाटकात आता पाटीवर ‘शुश्रूषाधिकारी’ लिहितात, त्यात अधिकार तरी आहे. शुश्रूषा आपलाच शब्द की.

निपाणीकर
शुश्रूषाधिकारी मला पटतो. पण मघाशी एक राहिलं. ‘मी मेट्रन होतो’ असं आई म्हणाल्या ते ‘होते’ हवं ना? स्मरणिकेत तसं छापू नका.

शहापूरची लेक
सर, इथं हात लावू देणार नाही. बेळगाव, कोल्हापूर, गडहिंग्लजकडच्या आमच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’, ‘मी होतो’ असंच बोलतात. आई ड्युटीवर जाताना रोज दारातून ‘येतो गं’ म्हणायची. ते वाक्य तिचं आहे, तसंच छापणार.

टिळकवाडी
माझी आजीही ‘येतो’च म्हणायची. पुण्याला मावशीकडं गेली तर तिथली मुलं हसायची, मग आजी तिथं बोलायचीच कमी.

निपाणीकर
बोलीला माझा विरोध नाही. अवतरणात ठेवा. बाकी मजकूर मात्र प्रमाण.

शहापूरची लेक
पहिली ओळ अजून अडलीच आहे. लैंगिक काढून ‘स्त्री-पुरुष’ केलंय. वंशाच्या जागी प्रेसवाल्यानं तीन टिंबं टाकून पान लावलंय, शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणालाय.

चंदगडची सिस्टर
शुश्रूषेवरून आठवलं. सीमेपलीकडच्या एका दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा भावानं कन्नड पाटी वाचून दाखवली, ‘दादियर कोठडी’. कोठडी ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. कन्नडमध्ये दादी म्हणजे नर्स आणि कोठडी म्हणजे खोली, हे आतल्या सिस्टरनं समजावलं. आपल्याकडं कोठडी पोलिसांकडं कधी गेली, कुणाला माहीत आहे का?

बेटाची सावली
आमच्या जुन्या घरात धान्याच्या खोलीला कोठडीच म्हणत. थांबा, आईला विचारून सांगते.