भिडूच्या राजावर हुकूम मारला म्हणून इतकं काय झालं?

नव्वीबहाद्दर:
काल युकरच्या (नव्वी ते एक्का अशा चोवीस पानांचा, दोन-दोन भिडूंचा खेळ, प्रत्येकाला पाच पानं) गप्पांत एकाने लिहिलं, ‘बचावात भिडूच्या चालत्या हातावर हुकूम मारणाऱ्याने एकट्याने पेशन्स लावत बसावं.’ हे कुणाला उद्देशून होतं ते कळलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक्क्यावर कुणी हुकूम मारला तर मीही पत्ते टाकून उठेन. पण राजावर? परवाचा डाव बघा. वाटून झाल्यावर वर उघडलेला बदामाचा राजा वाटणाऱ्याने उचलला, म्हणजे हुकूम बदाम; ठरवणारे ते, बचावात आम्ही. भिडूची उतारी किलवरचा राजा. पुढच्याने दश्शी दिली. माझ्याकडे किलवर नाही, बदामाची नव्वी आहे. माझ्यानंतर फक्त वाटणारा. आता एक्का कुठे असेल? भिडूकडे असता तर त्याने तोच उतरला असता. दश्शीवाल्याकडे असता तर राजावर पडला असता. उरली वाटणाऱ्याला मुळात आलेली पाच पानं आणि न वाटलेली तीन. आठांत पाच! मी नव्वी मारली.

वाटणाऱ्याने किलवरची नव्वी टाकली. भिडूने तो हात गोळाच केला नाही, राजा टेबलावर तसाच उघडा ठेवला. दोन डाव एक शब्द बोलला नाही.

उतारीवाला:
ते ‘एकाने’ म्हणजे मी. नाव घ्यायला घाबरू नका.
हुकूम ठरवणाऱ्यांना युकर बसवायला, म्हणजे डाव हरवायला, पाचातले तीन हात लागतात. तुम्ही जो ‘केलात’ तो आधीच आपला होता, वर एक हुकूम गेला. आणि वाटणारा उचललेल्या पानाच्या बदल्यात सुटं पान टाकून एखादा रंग रिकामा करतो हे विसरलात? किलवर रिकामा असता तर तुमच्या नव्वीवर मोठा हुकूम पडला असता.

नव्वीबहाद्दर:
रिकामा असता तर राजा तसाही मेलाच होता. उलट त्याला मोठा हुकूम खर्चावा लागला असता.

चोवीस पानं:
विश्वासाचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगतो. बदाम हुकूम असताना चौकटचा गुलाम, म्हणजे ‘डावा’, हाही हुकूमच, फक्त बदामाच्या गुलामाच्या, ‘उजव्या’च्या, खालचा, हे ज्याला डाव संपेपर्यंत कळत नाही त्या भिडूवर विश्वास ठेवायचा कसा? माझा मेहुणा. समोरचे आठवर, आम्ही नऊवर. हुकमाची उतारी आली, याने शांतपणे इस्पिक टाकलं. दोन हातांनंतर चौकटचा गुलाम आपटला, वर माझ्याकडे बघून हसला! रंग न दिल्याचे समोरच्यांना दोन गुण, दहा झाले, खेळ खलास.

पत्तेपिसे:
मग हुकूम ठरल्यावर ‘डावा गुलाम लक्षात ठेव रे’ म्हणायचं. नवख्याला एवढं सांगायला काय जातं?

उतारीवाला:
काय जातं? हुकूम ठरल्यावर असं म्हणणं म्हणजे ‘डावा माझ्याकडे नाही’ हे भिडूला सांगणं. सरळ चोरी आहे.

पत्तेपिसे:
चोरी?? शब्द जपून वापरा. दर डावाला न चुकता म्हटलं तर त्यातून काय कळणार?

उतारीवाला:
दर डावाला कुणी म्हणत नाही. ज्या डावाला डावा स्वतःकडे असतो त्या डावाला सगळे गप्प असतात. वीस वर्षं बघतोय.

चोवीस पानं:
मी दर डावाला म्हणतो.

उतारीवाला:
आणि तरी मेहुण्याने इस्पिक टाकलं. वा.

पत्तेपिसे:
तुमच्यासारख्यांमुळेच नवीन माणूस टेबलाला टिकत नाही. पहिल्या चुकीला कायद्याची कलमं वाचता.

गोठातली राणी:
भांडण चालू द्या, मला एक सांगा. नव्वीबहाद्दर, नव्वीशिवाय हातात काय होतं? ते कुठेच लिहिलेलं नाही.

नव्वीबहाद्दर:
तीन सुटी पानं. आणि डावा गुलाम.

उतारीवाला:
डावा गुलाम!! आणि हे आत्ता सांगताय?

गोठातली राणी:
म्हणजे डाव्याची सोबतच मारून टाकलीत. नव्वी असती तर वाटणाऱ्याच्या उजव्याखाली ती गेली असती, डावा वाचला असता.

नव्वीबहाद्दर:
तिसऱ्या हाताला उजवा आला आणि डावा त्याखाली गेला, मान्य. त्यांचे तीन हात झाले. पण एक्क्याचा हिशेब चुकला नव्हता.

उतारीवाला:
हुकमात नुसती नव्वी असती तर मीसुद्धा राजावर मारली असती. बास. एवढंच देतो. डावा असताना नाही म्हणजे नाही.

इस्पिकचा इस्त्रीवाला:
तो भिडू मी. दोन दिवस गंमत बघतोय. किलवरचा एक्का माझ्याकडेच होता. एक्का-राजा जोडीने असले की आधी राजा उतरायचा, ही ब्रिजची जुनी सवय.

नव्वीबहाद्दर:
काय??

गोठातली राणी:
पाच पानांच्या खेळात एक्का हातात ठेवून राजा? कुणासाठी जपून ठेवला होता?

उतारीवाला:
माझं पेशन्सचं वाक्य मागे घेतो. ते याच्यासाठी लिहायला हवं होतं.

नव्वीबहाद्दर:
अरे, दोन डाव तोंड फुगवून बसलास तेव्हा एवढं सांगता आलं नाही?

इस्पिकचा इस्त्रीवाला:
टेबलावर बोलणं म्हणजे चोरी ना?