आंब्याच्या ढोलीतला मोठा कोळी घरी पाळता येईल का?

कोयनाकाठ (सातारा):

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकतो. पाटण तालुक्यात माझ्या मामांचे शेत आहे आणि तिथल्या एका जुन्या आंब्याच्या ढोलीत तळहाताएवढा कोळी राहतो. त्याच्या अंगावर करड्या-पांढऱ्या रंगाची पानासारखी नक्षी आहे. रात्री बॅटरीचा उजेड फार जवळ नेला की तो पुढचे पाय उंच उचलतो आणि त्या पायांच्या खालच्या बाजूचे पिवळेधमक पट्टे दिसतात. माझ्या समजुतीप्रमाणे हा टॅरंटुला, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांपैकी एक आहे आणि त्याला काचेच्या पेटीत घरी ठेवावे असे फार मनात आहे. याच जातीची पिल्ले कुरिअरने पाठवतो असे सांगणारा एक विक्रेताही मला समाजमाध्यमावर भेटला आहे. घरात आजी आणि भावाची लहान मुलगी आहे, म्हणून विष कितपत धोक्याचे आहे, कायदा काय सांगतो आणि पेटीत तो नीट जगेल का, हे आधी विचारतो. पावसाळ्यापूर्वी मामा त्या झाडाची वाळलेली मोठी फांदी उतरवणार आहेत, त्यामुळे त्याला घरी आणले तर तो वाचेल असेही वाटते.

अष्टपाद (सांगली):

तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो पोसिलोथेरिया या वंशाचा दिसतो, बहुधा त्यातली रेगॅलिस ही जात, जी सह्याद्रीत आढळते. उलटा असताना त्याच्या पोटाखाली फिकट आडवा पट्टा दिसला तर ओळख आणखी पक्की होईल. मी स्वतः मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरंटुला रीतसर नोंदणी करून पाळतो आणि या छंदावर माझे मनापासून प्रेम आहे, तरीही नवख्या माणसाने पोसिलोथेरियापासून सुरुवात करू नये असेच मी सांगेन. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुलांच्या पोटावर खाज आणणारे केस असतात. डिवचले की ते मागच्या पायांनी हे केस उडवतात आणि चावण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडच्या कोळ्यांना असे केस नसतात. त्यांच्याकडे वेग आणि विष हीच साधने आहेत, आणि पोसिलोथेरियाचा वेग असा की पेटीचे झाकण उघडल्यावर तो तुमच्या कोपरापर्यंत कधी पोहोचला हे कळतही नाही.

पेटीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. झाडावरच्या कोळ्याला उभी पेटी आणि आत पोकळ साल लागते. जमिनीवरच्या कोळ्याला मात्र बुटकीच पेटी द्यावी, कारण काचेवर चढून तो उंचावरून पडला तर त्याचे पोट फुटते आणि तो वाचत नाही. पाण्याची उथळ वाटी कायम हवी. कोळ्याच्या पायाचे काही सांधे सरळ करणारे स्नायू त्याला नसतात. शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय लांब करतो. म्हणून आपल्या सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी पडले की दाब उतरतो, पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात, आणि पाहणाऱ्याला तो मेला असे वाटते. वेळीच पाणी मिळाले तर काही कोळी यातून सावरतात. याउलट पाठीवर पडून पाय पसरलेला कोळी बहुधा कात टाकत असतो. त्या वेळी त्याला हात लावू नये आणि पेटीत जिवंत रातकिडा तर मुळीच ठेवू नये, कारण नव्या कातीचा कोळी इतका मऊ असतो की तो रातकिडाच त्याला कुरतडतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. द्राक्षबागेतले किंवा उसातले नाकतोडे पकडून खाऊ घालू नयेत. फवारणीचे औषध त्यांच्या अंगात असते आणि कोळ्याला त्याची अगदी थोडी मात्राही पुरते. डासांचा स्प्रे आणि नगरपालिकेची धूरफवारणी यांपासूनही पेटी दूर ठेवावी लागते.

मिरजेचा डॉक्टर:

विषाविषयी एवढेच लिहितो. पोसिलोथेरियाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, परंतु तीव्र वेदनेबरोबर स्नायूंना येणारे पेटके कित्येक दिवस परत परत येऊ शकतात, आणि तुमच्या घरातल्या वयस्कर आजीला किंवा लहान मुलीला ते सोसणे फार कठीण जाईल. आपल्या सरकारी रुग्णालयांत मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. कोळ्याच्या विषावर ती काहीही काम करत नाही, आणि विनाकारण दिल्यास तिची ॲलर्जी मात्र जिवावर बेतू शकते. ऑस्ट्रेलियात रेडबॅक कोळ्यावरची लस 1956 पासून आहे आणि सिडनी फनेलवेबवरची 1981 पासून, कारण तिथे ते कोळी घराच्या अंगणात असतात. परदेशी विषारी कोळी घरी आणणाऱ्याने आपल्याकडे तसा उतारा रुग्णालयात मिळणार नाही, हे आधी समजून घ्यावे.

चावा झालाच तर जखम साबणाने धुवावी, थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि सरळ रुग्णालय गाठावे. आवळून बांधणे, ब्लेडने कापणे, चुना लावणे यांतले काहीही करू नये. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर कोकणातले आणि घाटावरचे कितीतरी रुग्ण वाचले; कोळ्यासाठी असे एकच ठरलेले औषध नाही, लक्षणे पाहूनच उपचार होतात. अष्टपाद यांनी सांगितलेले केसही निरुपद्रवी समजू नका. डोळ्यात गेले तर ते बुबुळात रुततात आणि दीर्घकाळ दाह देतात, म्हणून पेटी साफ करताना चष्मा आणि हातमोजे घालावेत.

सह्यवाट (कराड):

कायद्याचा भाग राहिला आहे. पोसिलोथेरिया हा संपूर्ण वंश 2019 मध्ये साइट्स या, वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला. आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि तिने अशा प्रजातींसाठी चौथी अनुसूची निर्माण केली. त्यामुळे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला त्याची माहिती देऊन परिवेश या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम 2024 मध्ये आले. नोंदणीत प्राणी कुठून आला हे विचारले जाते, आणि ढोलीतून उचललेल्या कोळ्याबद्दल तुम्ही तिथे काय लिहिणार? कुरिअरवाल्या विक्रेत्याकडेही बहुधा हेच कागद नसतील. शेत कोयना अभयारण्याच्या किंवा चांदोलीच्या हद्दीत येत असेल तर तिथून कोणताही वन्यप्राणी पकडणे हाच गुन्हा आहे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावर उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधने आली, हे आपल्या भागातल्या सर्वांना ठाऊक आहे. कोळ्याची बाजू घ्यायला तेवढी माणसे नाहीत, म्हणून मला हे अधिक कळकळीने लिहावेसे वाटते.

या वंशातल्या मेटॅलिका या निळ्या कोळ्याचे पाहा. 1899 मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी आंध्रातल्या गुटी रेल्वे स्थानकाच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले, आणि त्यानंतर 2001 पर्यंत तो कोणाला दिसल्याची नोंद नव्हती. आज तो जंगलाच्या एका लहानशा पट्ट्यात अत्यंत संकटग्रस्त अवस्थेत आहे, आणि युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या पेट्यांत मात्र तो सहज मिळतो. परदेशी पेट्यांतली ती संख्या आंध्रातल्या झाडांच्या काही कामी येत नाही. तुमची ढोलीतली मादी असेल तर ती दहा-बारा वर्षे त्याच झाडावर राहू शकते, आणि या वंशाची पिल्ले बराच काळ आईबरोबर एकाच ढोलीत राहतात. एक मादी उचलणे म्हणजे कदाचित आख्खे बिऱ्हाड मोडणे होय.

कोयनाकाठ (सातारा):

सर्वांचे मनापासून आभार. पेटीचा विचार मी सोडला आणि विक्रेत्यालाही नकार कळवला. परंतु फांदीचे काय करावे? ती घराच्या पत्र्यावर झुकलेली आहे, त्यामुळे मामांची काळजीही खोटी नाही.

सह्यवाट (कराड):

मामांना फांदी ढोलीच्या वर, हातभर अंतर सोडून कापायला सांगा, म्हणजे पत्र्याचा धोका टळेल आणि पोकळ खोड तसेच उभे राहील. उघड्या टोकातून ढोलीत पाणी उतरत असेल तर त्यावर मातीच्या कौलाचा तुकडा बसवा. सिमेंट भरू नका. काम दुपारी करा, कारण त्या वेळी तो खोल आत असतो. नंतर काही रात्री लाल कागद लावलेल्या बॅटरीने लांबून पाहा; ढोलीच्या तोंडाशी जाळ्याचे ताजे पांढरे अस्तर दिसले तर तो तिथेच आहे असे समजा. छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, मात्र शेताचे नेमके ठिकाण झाकून ठेवा, कारण विक्रेतेही तिथे नोंदी शोधत असतात.