मदत हवी आहे: मांडीच्या सार्कोमात (स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींच्या कर्करोगात) रेडिएशन चालू असताना गाठ फुगली, तर प्लॅन कधी बदलता?

मांडीच्या आतल्या बाजूची ११ सेंमी हाय-ग्रेड (आक्रमक) गाठ. शस्त्रक्रियेआधी ५० ग्रे (किरणांच्या डोसचं एकक), २५ फ्रॅक्शनमध्ये (छोट्या हप्त्यांत). सीटीव्ही (गाठ आणि तिच्याभोवती कर्कपेशी पसरल्या असू शकतात तो भाग) गाठीच्या वर-खाली ३ सेंमी, बाजूंना १.५ सेंमी, हाडापाशी कापलेला. टी-२ (द्रव उजळ दाखवणाऱ्या) एमआरआयवरची सूज शक्यतो आत घेतली आहे. लिम्फची सूज टाळायला पायाची एक उभी पट्टी किरणांबाहेर ठेवली आहे. मांडीच्या हाडाचा सरासरी डोस ३७ ग्रेखाली बसतोय.

अडचण अशी, की १० फ्रॅक्शननंतर कोन-बीम सीटीवर (उपचाराच्या यंत्रावरच काढलेल्या स्कॅनवर) गाठ ८ मिमी फुगलेली दिसते. ही खरी वाढ, की आतला रक्तस्राव वा नेक्रोसिस (पेशी मरणं), ते त्या सीटीवर कळत नाही. घेर वाढल्याने पाय स्थिर ठेवणारा थर्मोप्लास्टिक साचा घट्ट झालाय. दाबून बसवला की पाय फिरतो, आणि पीटीव्ही मार्जिन (जागा थोडी हलली तर म्हणून सीटीव्हीभोवती ठेवलेली जादा कड) तर ५ मिमीच.

किती मिमीला तुम्ही नवा प्लॅनिंग सीटी करता? गाठ सीटीव्हीच्या आत आहे तोवर थांबता का? साचा नवा, की व्हॅक्यूम कुशन (हवा काढली की पायाच्या आकारात घट्ट होणारी गादी)? मार्जिन सरसकट वाढवणं मला पटत नाही, कारण शस्त्रक्रियेआधी रेडिएशन दिलं की या जागेची जखम मुळातच चिघळते. आणि काढलेल्या गाठीची कडा पॉझिटिव्ह आली (कडेला कर्कपेशी सापडल्या) तर नंतर १६ ग्रेचा बूस्ट (जादा डोस) अजून कुणी देतं का?