आतड्याचं नवं मूत्राशय बसवलंय, अण्णांचं अंथरूण रोज रात्री ओलं होतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही केज तालुक्यातले. वडील (अण्णा) 61 वर्षांचे, शेतकरी, चाळीसेक वर्षं बिडी. मागच्या वर्षी लघवीतून रक्त आलं. जळजळ नाही, दुखणं नाही, तरी आम्ही उन्हाळीच समजून धन्याचं पाणी पाजत दोन महिने घालवले. ते अजून मनात सलतंय. दुर्बिणीने गाठ काढली तर मुळं स्नायूपर्यंत गेलेली. केमो झाले, मग संभाजीनगरला मूत्राशय आणि प्रोस्टेट काढून लहान आतड्याच्या तुकड्याची नवी पिशवी आत शिवली. पोटावर बाहेरून पिशवी लावायचा पर्याय होता, पण अण्णा म्हणाले, "ते लटकवून पंगतीला कसा बसू?"

ऑपरेशनला साडेचार महिने झाले. कॅन्सरच्या बाजूनं सध्या रिपोर्ट चांगले आहेत. दिवसाही बरं चाललंय: लागल्याची जाणीव होत नाही, म्हणून घड्याळ बघून तीन तासांनी बसून, पोटावर जोर देऊन करतात. अडचण रात्रीची. बाजेवर सोयाबीन झाकायची ताडपत्री, वर गोधडी. पहाटे आई उठायच्या आत स्वतःच हौदावर गोधडी धूत बसतात. आता संध्याकाळी पाचनंतर पाण्याचा घोट घेत नाहीत. बहिणीकडं परभणीला मुक्कामाला चला म्हटलं तर विषयच बदलतात.

विचारायचं असं:
रात्रीचं थांबायला किती दिवस लागतात? लघवीत पांढरे धागे येतात, ते काय? आणि गावातले डॉक्टर दर वेळी "पू पेशी आहेत" म्हणून अँटिबायोटिक देतात, घ्यायचं का?

---

दादा, माझं हेच ऑपरेशन झालंय, तीन वर्षं होतील. मी लातूरचा.

रात्रीचं सगळ्यात शेवटी सुधारतं. मला वर्ष लागलं. काहींचं थोडं कायम राहतं. झोपेत झडप आवळायचा निरोप मूळ मूत्राशयाकडून जायचा, आतड्याला ते जमत नाही. मी झोपताना पूर्ण रिकामं करतो, रात्री दोन वेळा मोबाईलचा गजर लावतो. वर डायपर, त्यात लाज कसली.

पाणी मात्र तोडू देऊ नका. लघवी घट्ट झाली की आतडं स्वतःच पाणी ओढून पिशवीत सोडतं, म्हणजे फायदा काहीच नाही. धागे म्हणजे आतड्याची शेंबूड, ती पाणी कमी पडलं की घट्ट होऊन अडकते. दिवसभरात भरपूर प्यावं, झोपायच्या आधीच्या दोन तासांत कमी. धार बारीक झाली किंवा अडली तर थांबू नका, लगेच दवाखाना.

पू पेशींचं: या पिशवीत जंतू आणि पेशी बहुतेकांच्या रिपोर्टात दिसतातच. ताप, थंडी, कमरेत दुखणं नसेल तर गोळी सुरू करण्याआधी ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन करा. आणि भूक मेली, थकवा, मळमळ वाटत असेल तर रक्तातलं आम्ल आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) तपासायला सांगा. आम्ल कमी ठेवायला मला सोड्याच्या गोळ्या चालू आहेत. व्हिटॅमिन बी12 सुद्धा वर्षातून एकदा तपासून घ्या.

---

खूप आभार काका. एक राहिलं: तुम्ही पहिल्यांदा परगावी मुक्कामाला कधी गेलात? अण्णांना तेवढंच वाचून दाखवतो.