राजकारणातल्या दोस्तीला शब्द कोणता?

कणकवलीहून:
ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पक्षाची निशाणी नसते, तरी पॅनेल कोणत्या पक्षाचं ते सगळ्या वाडीला ठाऊक असतं. आमच्याकडे एका पक्षाचा कट्टर कार्यकर्ता मतदानाच्या दिवशी समोरच्या पॅनेलच्या टेबलावर मतदारयादी घेऊन बसला. शाळेपासूनचा दोस्त उभा होता. हटकलं तर म्हणाला, "तेका शब्द दिलंय." कोणी त्याला गद्दार म्हटलं, कोणी निष्ठावंत. मला दोन्ही पटत नाही. नेमका शब्द कोणता?

रत्नागिरीहून:
'निष्ठा' इथे बसत नाही. निष्ठा तत्त्वावर, पक्षावर, नेत्यावर असते. बरोबरीच्या माणसाबद्दल 'माझी त्याच्यावर निष्ठा आहे' असं कोणी म्हणत नाही. म्हटलं की दोस्तीत वरचा-खालचा आलाच. 'इमान' थोडं जवळचं. अरबीत त्याचा अर्थ श्रद्धा, पण मराठीत ते धन्याच्या दाराशी जाऊन बसलं: इमानी नोकर, इमानी कुत्रा.

मला विचाराल तर इथे 'जागणे' हवं. शब्दाला जागला, मैत्रीला जागला, खाल्ल्या मिठाला जागला. या 'ला'मुळे ऋण कशाचं ते सांगावंच लागतं. 2022 च्या शिवसेनेतल्या फुटीनंतर कोकणात दोन्हीकडचे लोक स्वतःला निष्ठावंत म्हणवून घेत होते. कशावरची निष्ठा, हे न सांगता त्यांचं वाक्य पुरं होत होतं. नुसतं 'जागला' म्हणून बघा, ऐकणारा लगेच विचारेल, "कशाला?"

देवगडहून:
सहमत. जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचंच बघा. जानेवारी 1971 मध्ये तिथले समाजवादी नेते नाथ पै वारले. त्याच वर्षी मधु दंडवते उभे राहिले आणि 1989 पर्यंत पाच वेळा निवडून आले. मधल्या काळात पक्षाचं नाव बदललं, झोपडीपासून चक्रापर्यंत निशाण्या बदलल्या. याला पक्षनिष्ठा कसं म्हणणार? माणसं माणसाला जागली. मालवणीत 'आपलो माणूस' म्हणतात त्यात हे सगळं येतं, आणि ते मला 'निष्ठावंत'पेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

कणकवलीहून:
पटलं. पण आमदार-खासदारांचं काय? 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याला पक्षादेश तेवढा कळतो. दोस्ताखातर सभागृहात उलटं मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं.

रत्नागिरीहून:
म्हणून तर तिथे जागणं महाग पडतं. स्वतःचं काही पणाला लागलं असेल तरच हे क्रियापद शोभतं. सरपंचाने दोस्ताला पाखाडीचा, म्हणजे दगडी पायवाटेचा, ठेका मिळवून दिला तर त्याला मैत्रीला जागणं म्हणू नका. त्यात पैसा गावाचा जातो. त्यासाठी 'वशिला' हा शब्द आहे, तोच वापरा.