प्रोसेसर घेताना तुम्ही नेमके कशाचे पैसे मोजलेत? अनुभव इथे लिहा

निमित्त घरगुती आहे. २०१७ च्या गणपतीत जुळवलेला माझा पीसी, एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० बोर्ड (प्रोसेसर बसतो तो मदरबोर्ड) आणि १६ जीबी रॅम, अजून रडतखडत का होईना चालतोय. परवा भाचा आला. मशीन सुरू व्हायला किती वेळ लागतो ते त्याने मोबाइलवर मोजलं (दोन मिनिटं अकरा सेकंद) आणि "मामा, हे भंगारात घाला" असा निकाल दिला. वर यादीही करून दिली: रायझन ७ ९७००एक्स, नवा बोर्ड, नवी रॅम, नवा कूलर.

शनिवारी यादी खिशात घालून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी तोंडात अजून लॅमिंग्टनच बसलंय. तीन दुकानं, तीन चिठ्ठ्या. तिन्ही चिठ्ठ्यांत प्रोसेसरचा भाव जवळपास एकच, फरक सगळा खालच्या ओळींत. आणि त्या खालच्या ओळींची बेरीज प्रोसेसरपेक्षा जास्त! २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव दुपटीच्या पुढे उसळले, त्यानंतर तर रॅमची ओळ वाचायलाच धीर लागतो.

म्हणून हा धागा. नवा प्रोसेसर आला की डॉलरमधला भाव वाचून आपण हरखतो नाहीतर चिडतो. पण तुमच्या खिशातून प्रत्यक्षात किती गेले आणि ते वसूल झाले का, ते लिहा. इंटेल की एएमडी ही हाणामारी कृपया दुसऱ्या धाग्यावर.

भागाकार

आधी हिशेब, मग अनुभव. परदेशातल्या बातमीतला भाव करांशिवाय असतो. त्याला रुपयाच्या दराने गुणायचं आणि वर १८ टक्के जीएसटी चढवायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स २९९ डॉलरला आला. डॉलर तेव्हा ७४ च्या आसपास होता, म्हणजे साधारण २२ हजार, करासकट २६ हजार. दुकानदाराचं वेगळं. त्याच्या आदल्या वर्षी रायझन ५ ३६०० आला होता १९९ डॉलरला, खोक्यात कूलर धरून. कोर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) तेव्हाही सहा, आताही सहा. नवा वेगवान होता हे मान्य, पण शंभर डॉलरची उडी मला काही गिळवेना.

मग थांबलो. एप्रिल २०२२ मध्ये साधा ५६०० आला, १९९ डॉलरलाच. सतरा महिने. बायको विचारायची, "अजून नाही का स्वस्त झालं तुझं ते?" तिला वाटायचं मी टोमॅटोसारखा रोज भाव बघतो. बघायचोच.

फक्त वाचक

+१. खिचडी टाकून बसलोय, येऊ द्या.

गिरगावची लेखापाल

आमच्या ऑफिसात टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. याला काय लागतो प्रोसेसर? २०२२ मध्ये चार मशीन बदलायची ठरली. काटकसर करायचं काम अर्थात माझ्याकडे. यादीत इंटेलच्या कोअर आय५ १२४०० आणि १२४००एफ असे दोन भाव होते. नाव तेच, कोर तेवढेच, एफवाला नगामागे हजार-दीड हजाराने स्वस्त. सरांना दाखवलं, शाबासकी मिळाली.

मशीन आली, जोडली, बटण दाबलं. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा काळाकुट्ट. चारही मशीनचं तेच. वायर बदलून झाली, मॉनिटर बदलून झाला. शेवटी शेजारच्या ऑफिसातला मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घालावं लागतं." चार जुनी कार्डं शोधून आणली, वाचवलेले पैसे त्यात गेले आणि वर थोडे आणखी. हा तोटा मी कुठल्या खात्याला टाकला ते इथे लिहीत नाही.

तेव्हा मंडळी, नावापुढच्या अक्षराचे पैसे असतात. चूक सर्वस्वी माझी.

जुनं खोड

आजच्या मुलांना भाव महाग वाटतात, पण २०११ ते २०१७ चा काळ आठवा. २०११ चा इंटेलचा आय७ २६००के चार कोरचा, जानेवारी २०१७ चा आय७ ७७००के तोही चार कोरचा. सहा वर्षं दर वर्षी नवा आकडा यायचा, मी दुकानात जायचो आणि वडापाव खाऊन परत यायचो. आठ कोर हवे असतील तर इंटेलचाच ६९००के होता, यादीतला भाव १०८९ डॉलर! मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोरचा १८००एक्स ४९९ डॉलरला आणला आणि त्याच ऑक्टोबरात इंटेलचा सहा कोरचा ८७००के ३५९ डॉलरला आला. इतकी वर्षं न जमलेली गोष्ट नऊ महिन्यांत जमली. धागाकर्ते, तुमचा १६०० त्याच धामधुमीतला. त्याला भंगार म्हणणाऱ्या भाच्याचा कान पिळा.

मुलुंडची आई

मला यातलं फार कळत नाही, पण पैसे माझ्या भिशीचे होते म्हणून लिहिते. २०२३ मध्ये मुलगा बारावी पास झाला. त्याला एएमडीचा ७८००एक्स३डी प्रोसेसर हवा होता, गेम खेळणाऱ्यांचा राजा म्हणे. ४४९ डॉलरचा. दुकानात विचारलं, "याच्यात आणि त्या साध्यात फरक काय?" दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॅश." मी म्हटलं, "रोख दिले तर कमी करणार का?" मुलगा खांबामागे गेला.

मग त्या भल्या माणसाने समजावलं. प्रोसेसरच्या पोटातच जवळची मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. साध्या ७७००एक्सला ती ३२ एमबी, याच्यावर आणखी एक थर चढवून ९६ एमबी केलेली. गेमला त्याचा फायदा होतो. मी विचारलं, "आमच्या घरच्या मॉनिटरवर दिसेल का हा फायदा?" मॉनिटर कुठला ते विचारून तो हसला. आमचा ६० हर्ट्झचा. सेकंदाला साठच्या वर चित्रं तो दाखवतच नाही.

शेवटी साधा ७६०० घेतला, खोक्यात कूलरसकट, आणि उरलेल्या पैशात बरा मॉनिटर. मुलगा दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी मित्रांना मॉनिटर दाखवायला बोलावलं, त्यांच्या पोह्यांचा खर्च वेगळा.

लालबाग १० बाय १२

भावाच्या चिठ्ठीत न लिहिलेली एक ओळ असते: वॉट. आमच्या खोलीत एसी नाही, खिडकी एक. मोठे प्रोसेसर भर कामात अडीचशे वॉटपर्यंत जातात. मे महिन्यात आई म्हणते, "तुझं ते यंत्र बंद कर, नाहीतर मला गावाला पाठव." शंभर वॉट जास्त धरा, दिवसाला आठ तास, महिन्याला चोवीस युनिट. मी बायोसमध्ये (बोर्डाच्या चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) जाऊन वॉटची मर्यादा खाली आणली. वेग किंचित कमी झाला, आई गावाला गेली नाही.

तुळशीविवाहानंतर

विरुद्ध बाजूने बोलतो. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, गोरेगावला. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन. सप्टेंबर २०२२ च्या शेवटी एएमडीचा सोळा कोरचा ७९५०एक्स ६९९ डॉलरला आला, मी पहिल्या पंधरवड्यात उचलला. बोर्ड नवा, रॅम नव्या पिढीची, डीडीआर५च लागणार, कूलर खोक्यात नाही. सगळे म्हणाले वेडा आहेस. डिसेंबर उजाडेपर्यंत भाव उतरले, तेव्हा तर फोन करकरून म्हणाले.

पण पूर्वी एका लग्नाची फिल्म रात्रभर रेंडर व्हायची, सकाळी एरर दिसला की दिवस गेला. आता जेवून येईपर्यंत होते. त्या सीझनला तीन लग्नं जास्त घेतली. शिवाय माझा जीएसटी नंबर आहे, १८ टक्के परत वळते होतात. पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर दोन हजार सोडतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोक्यातल्या नगाला तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्या ट्रेवाल्या नगाला दुकानदार सांगेल ती.

अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिल

धागाकर्ते, दोन प्रश्न. विंडोज कशावर आहे, एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) की जुनी हार्ड डिस्क? आणि विंडोज १० च आहे ना अजून? कारण तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एएम४ आहे आणि नंतरचे ५००० मालिकेतले रायझनही एएम४ चेच. २०२२ मध्ये बऱ्याच बी३५० बोर्डांना ५००० मालिकेसाठी बायोस आलं. तुमच्या बोर्डाच्या पानावर यादी बघा. आधी जुन्याच प्रोसेसरवर बायोस चढवा, मग नवा बसवा.

आणि कूलर काढताना घाई नको. मी केली होती. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी सहा वर्षांची पेस्ट वाळून सिमेंट झालेली. सरळ वर ओढला तर सॉकेटमधून प्रोसेसरसकट हातात! एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१. कोपऱ्यातल्या सात वाकल्या. रात्री दीड वाजता मोबाइलच्या टॉर्चमध्ये, शिसं काढलेल्या पेन्सिलीची नळी एकेका पिनेवर चढवून सरळ करत बसलो. पाचवी पीन सरळ होताना पंखा बंद केला, हात हलत होता म्हणून नाही, श्वास ऐकू यावा म्हणून. चालू झालं सकाळी. तर आधी मशीनवर काहीतरी जड काम चालवा, पेस्ट गरम होऊ द्या, मशीन बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पेन्सिलवाल्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटतेय: हार्ड डिस्क. दोन मिनिटं अकरा सेकंद त्या बिचाऱ्या १६०० च्या नावावर जमा झाली होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, विंडोज १०, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार (सपोर्ट) संपलेलं. आणि विंडोज ११ च्या यादीत १६०० नाही, तेव्हा भाच्याचं निम्मं तरी खरं.

काल बायोस चढवलं, खोकाबंद ५६०० घेतला आणि सोबत एसएसडी. बोर्ड तोच, रॅम तीच. एकूण खर्च भाच्याच्या यादीच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. कूलर फिरवून अलगद सुटला, पिना शाबूत. भाच्याने पुन्हा मोबाइल काढला: एकोणीस सेकंद. म्हणाला, "ठीक आहे, पण मामा, तो नवा घेतला असता तर..." कान पिळला.

फक्त वाचक

छान. तो १६०० विकणार का? आमचा कार्टा दहावीला आहे, त्याला जोडून देतो. दादरला येऊन घेऊन जाईन. पिना मोजून घेईन.